छपरावरून पडलेला दगड

(मुलुंड येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवसभराचे काम आटोपून, लोकलच्या गर्दीतून कसेबसे बाहेर पडून येथे आलेल्या श्रोत्यांपुढे सतराव्या शतकातील युरोपीय बुद्धिवादाची चर्चा करायची, हे थोडे धाडसच आहे. देकार्त, स्पिनोझा आणि लायब्निझ ही तीन नावे आपल्याकडे तत्त्वज्ञानाच्या पदवीपरीक्षेतील एका प्रश्नापुरती पाठ केली जातात आणि उत्तरपत्रिकेबरोबरच परत केली जातात. तरीही मी हा विषय आग्रहाने मागून घेतला, कारण त्या तिघांनी विचारलेला एक प्रश्न अजून आपल्या दाराशी उभा आहे. एखादी घटना का घडली असे विचारता विचारता कोठे थांबायचे, आणि थांबण्याची ती जागा कोणी ठरवायची, असा तो प्रश्न आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. ‘बुद्धिवादी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बुवाबाजीचा पर्दाफाश करणारा, नवस-सायास न मानणारा, पुरावा मागणारा कार्यकर्ता येतो. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात मात्र हा शब्द निराळ्या अर्थाने वापरला जातो. ज्ञानाचा खरा आधार इंद्रियांनी आलेला अनुभव नसून बुद्धीला स्वतःच्या प्रकाशात दिसणारी तत्त्वे हा आहे, असे मानणारे ते बुद्धिवादी. आणि त्यांच्या विरोधात लॉक, बर्कली, ह्यूम हे अनुभववादी. या हिशेबाने पाहिले तर आपले आगरकर बुद्धिवादी ठरतच नाहीत. त्यांचे गुरू मिल आणि स्पेन्सर. म्हणजे ते सरळसरळ अनुभववाद्यांच्या घरातले. दि. य. देशपांडे यांनी देकार्तच्या ‘चिंतनां’चा मराठी अनुवाद केला आणि १९९० साली नागपुरातून आगरकरांचा वारसा सांगणारे ‘नवा सुधारक’ हे मासिकही काढले. पुढे त्याचेच नाव ‘आजचा सुधारक’ झाले. एकाच विद्वानाच्या हातून ही दोन्ही कामे झाली, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. दोन्ही अर्थांत एक सामाईक धागा आहे, आणि तो धागा आज मी आपल्यापुढे उलगडू पाहतो.

देकार्तपासून आरंभ करू. १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत मागे घ्यावे लागले. त्या वेळी हॉलंडमध्ये राहणाऱ्या या फ्रेंच गणितज्ञाच्या टेबलावर विश्वरचनेवरचा एक ग्रंथ जवळजवळ पूर्ण होऊन पडला होता, आणि त्यातही पृथ्वी फिरत होती. देकार्तने तो ग्रंथ छापलाच नाही. या भित्रेपणाबद्दल त्याला हसणे सोपे आहे, पण चार वर्षांनी, १६३७ साली, त्याने जे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले ते पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हते. ते लोकांच्या फ्रेंचमध्ये होते. सारासार जाणण्याची शक्ती माणसामाणसांत सारखीच वाटलेली आहे, अशा विधानाने ते सुरू होते. विधानात थोडा उपरोधही आहे, कारण आपल्या वाट्याला ती कमी आली अशी तक्रार कोणी करत नाही, असे तो लगेच म्हणतो. परंतु ज्या समाजात वेद ऐकण्याचा अधिकारदेखील जन्मावर ठरत होता, त्या समाजातून आलेल्या वाचकाला हे विधान नुसता उपरोध म्हणून सोडून देता येत नाही.

देकार्तची पद्धती आपण ऐकून आहात. जे जे संशय घेण्याजोगे आहे ते ते सर्व तात्पुरते खोटे मानायचे, आणि संशय घेणारा ‘मी’ तरी आहे या एका अचल बिंदूपासून ज्ञानाची नवी उभारणी करायची. ती उभारणी त्याला साधली की नाही याविषयी मतभेद आहेत. मला स्वतःला ती साधली असे वाटत नाही, विशेषतः ईश्वराच्या अस्तित्वाची सिद्धता मध्ये आणून त्याने जो पूल बांधला तो फार कच्चा आहे. पण दुसऱ्या चिंतनातील मेणाचा दाखला मात्र विसरू नये. पोळ्यातून नुकताच काढलेला मेणाचा गोळा घ्या. त्याला मधाची चव आहे, फुलांचा वास आहे, आकार आहे, टिचकी मारली तर आवाज येतो. तोच गोळा विस्तवाजवळ न्या. चव गेली, वास गेला, आकार गेला, आवाज गेला. तरी आपण म्हणतो की मेण तेच आहे. हे ‘तेच’ डोळ्यांनी पाहिले काय? नाही, ते बुद्धीने जाणले. डोळे फक्त साक्ष देतात, निवाडा बुद्धी करते.

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस आपल्यापैकी प्रौढांना आठवत असेल. गणपती दूध पितो ही वार्ता त्या दिवशी दिल्लीपासून मुंबईपर्यंत आणि परदेशातील भारतीयांच्या वस्त्यांपर्यंत काही तासांत पोचली. उपनगरांतील देवळांपुढेही वाट्या आणि चमचे घेतलेल्यांच्या रांगा लागल्या. त्या रांगांतील माणसे अडाणी नव्हती. त्यांत पदवीधर होते, बँकांतले आणि सरकारी कचेऱ्यांतले लोक होते, आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच होते: मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले! ते खोटे बोलत नव्हते. चमच्यातले दूध खरोखरच कमी होत होते. चमच्याची कड ओल्या मूर्तीला टेकली की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली उतरते. पांढऱ्या संगमरवरावर तो थर दिसत नाही एवढेच. दिल्लीतील सरकारी वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून दाखवला तेव्हा ओघळ उघड दिसला. अनुभव तोच राहिला, फक्त त्याला विचारलेला प्रश्न बदलला. दूध रंगीत करून पाहावे ही कल्पना डोळ्यांना सुचत नाही, ती बुद्धीला सुचते. आणि सुचण्यापूर्वी बुद्धीने हे गृहीत धरलेले असते की दूध नाहीसे होत नाही, ते कोठेतरी गेलेच पाहिजे. हे गृहीत कोणत्याही एका अनुभवातून आलेले नाही. या ठिकाणी मला देकार्तचे म्हणणे पटते, आणि निव्वळ ‘पुरावा दाखवा’ म्हणणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही ते लक्षात घ्यावे असे वाटते. त्या दिवशी पुरावा दाखवायला लाखो लोक तयार होते.

आता मी ज्याच्यासाठी हा विषय मागितला त्या स्पिनोझाकडे येतो.

१६३२ साली ॲम्स्टरडॅममधील पोर्तुगीज ज्यू कुटुंबात तो जन्मला. धर्मन्यायालयाच्या जाचातून सुटून हॉलंडच्या आश्रयाला आलेल्यांची ही जमात होती. छळ सोसलेल्यांनी दुसऱ्याचा छळ करू नये अशी आपली भाबडी अपेक्षा असते. २७ जुलै १६५६ रोजी या जमातीने तेवीस वर्षांच्या स्पिनोझाला बहिष्कृत केले. त्याच्याशी कोणी बोलू नये, त्याच्याबरोबर एका छपराखाली राहू नये, चार हातांच्या आत त्याच्याजवळ जाऊ नये, त्याने लिहिलेले काही वाचू नये, असा तो हुकूम होता. मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे याला वाळीत टाकणे म्हणतात. जातपंचायतींच्या या प्रकाराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला आणि २०१७ पासून तो अमलात आला, ही गोष्ट ॲम्स्टरडॅमच्या त्या हुकुमाला तीनशे साठ वर्षे होऊन गेल्यानंतरची. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर्कशास्त्राच्या बळावर श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्याला बहिष्कृत करावे असे सांगितले आहे, डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात त्या श्लोकावर नेमके बोट ठेवले होते.

बहिष्कृत स्पिनोझा भिंगे घासून, आणि मित्रांच्या थोड्याशा साहाय्यावर जगला. १६७३ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने देऊ केलेले प्राध्यापकपद त्याने नाकारले, कारण विचारस्वातंत्र्य मिळेल पण प्रस्थापित धर्माला धक्का लागता कामा नये, अशी त्यासोबत अट होती. १६७७ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हेगमध्ये तो वारला. त्याचा प्रमुख ग्रंथ ‘नीतिशास्त्र’ त्याच वर्षी मित्रांनी छापला. भूमितीच्या पुस्तकासारखी त्याची रचना आहे. व्याख्या, गृहीतके, सिद्धांत, सिद्धता. प्रथम वाचताना माणूस कंटाळतो हे मान्य केले पाहिजे. पण पहिल्या भागाच्या अखेरीस एक परिशिष्ट आहे. तेथे स्पिनोझा भूमितीची वही मिटतो आणि बोलू लागतो.

तो म्हणतो, समजा एखाद्या छपरावरून दगड पडला आणि खालून जाणारा माणूस मेला. लोक म्हणतील, त्या माणसाला मारण्यासाठीच तो दगड पडला; ईश्वराची इच्छा नसती तर इतक्या गोष्टी एकाच क्षणी जुळून कशा आल्या असत्या? आपण सांगावे की वारा सुटला होता आणि माणूस त्या वाटेने चालला होता. पण वारा त्याच वेळी का सुटला? माणूस त्याच वाटेने का चालला? समुद्र आदल्या दिवशी खवळू लागला होता आणि माणसाला मित्राने बोलावले होते, असे सांगितले तर समुद्र का खवळला, मित्राने का बोलावले? असे विचारत विचारत ते आपल्याला ईश्वराच्या इच्छेपर्यंत रेटत नेतात. ती इच्छा म्हणजे स्पिनोझाच्या मते अज्ञानाचे आश्रयस्थान. पुढे तो आणखी एक कठोर गोष्ट सांगतो. जो खरी कारणे शोधू लागतो त्याला पाखंडी म्हणून धिक्कारले जाते, कारण अज्ञान गेले की विस्मय जातो, आणि लोकांच्या विस्मयावर ज्यांची सत्ता उभी आहे त्यांना हे पक्के ठाऊक असते.

१३ मे २०२४ रोजी दुपारी मुंबईवर धुळीचे वादळ आले. घाटकोपर पूर्वेला, छेडानगरजवळ, द्रुतगती मार्गालगतच्या पेट्रोल पंपावर एक अजस्र जाहिरातफलक कोसळला. वादळातून आडोसा म्हणून आणि पेट्रोलसाठी म्हणून तेथे थांबलेली माणसे त्याखाली सापडली. सतरा जण दगावले, सत्तरांहून अधिक जखमी झाले. महापालिकेच्या नियमाप्रमाणे फलक चाळीस फूट लांब व चाळीस फूट रुंद असावा. हा एकशे वीस फूट लांब आणि एकशे वीस फूट रुंद होता, म्हणजे क्षेत्रफळाने नऊ पट. एवढा मोठा म्हणून विक्रमांच्या एका पुस्तकात त्याची कौतुकाने नोंदही झालेली होती. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी नंतर दिलेल्या अहवालानुसार त्याचा पाया ताशी सुमारे ४९ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यापुरताच होता, आणि असायला हवा होता तो ताशी १५८ किलोमीटरच्या वाऱ्याला पुरे पडेल असा.

आणि मग उच्च न्यायालयापुढील अर्जात जाहिरात कंपनीच्या संचालकाच्या वतीने काय सांगण्यात आले? ही ‘ॲक्ट ऑफ गॉड’ होती. देवाची करणी! वारा अपेक्षेपेक्षा जोराचा सुटला, त्याला कोण काय करणार?

न्यायालयातील प्रकरणाचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. तो मी येथे करीत नाही. कायद्याच्या परिभाषेत या शब्दाला काटेकोर अर्थ आहे आणि वकिलाने तो बचाव घ्यावा यात गैर काही नाही, हेही मी मानतो. माझे लक्ष युक्तिवादाच्या घडणीकडे आहे. दगड, वारा, खवळलेला समुद्र, त्या वाटेने जाणारा माणूस: साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये भिंगे घासणाऱ्या माणसाने उदाहरणादाखल रचलेले दृश्य घाटकोपरला जसेच्या तसे घडले, आणि त्याने सांगितलेल्याच आश्रयस्थानाकडे बोटही दाखवले गेले. फरक एवढाच की स्पिनोझाच्या उदाहरणात आश्रयाला जाणारे भाविक लोक आहेत. आपल्याकडे त्यांची जागा व्यवहारात मुरलेल्यांनी घेतली आहे.

मराठीत या बाबतीत एक फार चांगली शब्दजोडी आहे: अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून आलेले संकट आणि राज्यकर्त्यांनी आणलेले संकट यांत आपल्या शेतकऱ्याने पूर्वीपासून भेद केला. दोन्हींनी माणूस नाडला जातो, पण एकीत आभाळाकडे पाहायचे असते आणि दुसरीत कचेरीकडे. सुलतानी संकट अस्मानी म्हणून खपवणे ही सत्तेची जुनी कला आहे. बुद्धिवादाचे सामाजिक काम कोणते असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, ही खपवाखपवी पकडणे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा हेच केले. शेतकऱ्याचे दारिद्र्य नशिबाचे फळ नव्हे. ते का आले याची एकाला एक जोडलेली कारणमालिका त्यांनी आरंभीच्या सुप्रसिद्ध ओळींत मांडली, आणि मग सावकार, भटशाही, गोरे अधिकारी आणि काळे कामगार यांच्यापर्यंत तिचा माग काढला. फुले स्पिनोझा वाचत नव्हते. ते टॉमस पेन वाचत होते. पण पेनच्या चमत्कारांवरील आणि धर्मग्रंथांवरील टीकेमागे जी परंपरा उभी आहे तिच्या मुळाशी स्पिनोझाचा १६७० चा ग्रंथ आहे. विचार असे एका घरातून दुसऱ्या घरात, कित्येकदा मूळ मालकाचे नाव न सांगता जातात.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो लहान नाही. स्पिनोझाच्या मते ईश्वर आणि निसर्ग एकच. जगात जे काही घडते ते सर्व अपरिहार्यपणे त्याच्यातून निघते. मग फलक कोसळणे ही देवाचीच करणी नव्हे काय? स्पिनोझा म्हणेल, अर्थातच. वारा जेवढा देवाचा तेवढाच पायाचा काँक्रीटही देवाचा, परवान्यावरची सही देवाची आणि ती सही करताना नियम पाहिला की नाही हेही देवाचेच. सर्वच देवाची करणी असेल तर ‘देवाची करणी’ हे उत्तर कशाचेच उत्तर राहत नाही. पुन्हा पायाची खोली मोजावी लागते आणि सही कोणाची ते पाहावे लागते. पण सर्व काही अपरिहार्य असेल तर माणसाला दोष तरी कसा द्यायचा? त्याच्या एका मित्राने हेच विचारले होते. स्पिनोझाने १६७६ च्या एका पत्रात सांगितले की कुत्रा चावून पिसाळलेल्या माणसाचा त्यात दोष नाही, तरी त्याच्यापासून समाजाचे रक्षण करावेच लागते. उत्तर थंड आहे. मला ते पुरते समाधानकारक वाटत नाही. जबाबदारीच्या कल्पनेत रक्षणाहून अधिक काही असते. पण एवढे त्याच्या पदरी टाकावे लागते की कारण शोधणे म्हणजे माफ करणे, ही गल्लत त्याने केली नाही.

लायब्निझबद्दल थोडक्यात बोलतो. जे काही आहे ते तसेच का आहे आणि वेगळे का नाही याला पुरेसे कारण असलेच पाहिजे, हे तत्त्व त्याने स्पष्ट शब्दांत मांडले. तत्त्व उत्तम आहे. पण हा दरबारी मुत्सद्दी कारण शोधता शोधता समर्थनाकडे घसरला. ईश्वराने निवडले त्या अर्थी हेच सर्व शक्य जगांतील उत्तम जग, असे त्याने १७१० च्या ग्रंथात प्रतिपादले. आणि १७५५ साली लिस्बनचा भूकंप झाल्यावर व्हॉल्तेअरने १७५९ च्या आपल्या कादंबरिकेत त्या आशावादाची जी चेष्टा केली, ती लायब्निझच्या नावाला कायमची चिकटली. २६ जुलै २००५ चा पाऊस आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच शहरात कुलाब्याला पाऊणशेच्या आसपास. पाऊस अस्मानी खराच. परंतु विहार-पवईकडून निघून माहीमला समुद्राला मिळणारी मिठी नदी भराव टाकून कोणी अरुंद केली, तिच्या मुखाकडची खारफुटी कोणी तोडली, हे प्रश्न पावसाचे नव्हते. चितळे समितीने त्यांचा तपशीलवार विचार केला तो ‘पुरेसे कारण’ शोधण्याचाच उद्योग होता. त्याच २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवली पाहिजेत, असे कलम आहे. चौथ्या कलमातील ती छोटीशी तरतूद माझ्या मते लायब्निझच्या तत्त्वाचा सर्वांत उपयुक्त अवतार होय, आणि तिचा वापर आपण फार कमी करतो.

कारण विचारण्याची किंमत मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे. १६७० साली स्पिनोझाने धर्मग्रंथांची चिकित्सा करणारा आणि विचारस्वातंत्र्याने राज्य दुबळे होत नसून उलट सुरक्षित होते असे सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो लेखकाचे नाव न घालता आणि छपाईचे ठिकाण खोटे टाकून. १६७४ साली त्यावर बंदी आली. त्याचा मित्र आद्रियान कूरबाख याने तसलेच विचार लोकभाषेत, म्हणजे डचमध्ये, लिहिले. त्याला दहा वर्षांची कैद झाली आणि १६६९ साली तो तुरुंगात मेला. पुढे आपल्या ग्रंथाचे डच भाषांतर निघत आहे असे कळल्यावर स्पिनोझाने ते थांबवण्याची धडपड केली. लॅटिन पंडितांपुरती राहते; लोकभाषा बाजारात जाते, आणि सत्तेला भीती बाजाराची असते. आगरकर मराठीत लिहीत होते म्हणूनच पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. इंग्रजीत तेच लिहिले असते तर कदाचित पुणेकरांनी त्यांना मानपत्र दिले असते.

मुंबईचा इतिहासही याहून निराळा नाही. धार्मिक भावना दुखावण्याचे २९५-अ हे कलम १९२७ साली दंडविधानात आले. १९३३ साली येथल्या ‘रीझन’ या बुद्धिवादी मासिकाचे संपादक डॉ. डी’आव्हॉइन यांच्यावर त्याखाली खटला झाला. पुढल्या वर्षी ते निर्दोष सुटले. ब्रिटिश अमदानीतील दंडाधिकारी त्यांना सोडू शकला, ही गोष्ट ध्यानात ठेवा. २०१२ साली विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील एका चर्चमध्ये ख्रिस्ताच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि लोक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले. सनल एडामरुकू यांनी पाहणी करून सांगितले की जवळची सांडपाण्याची वाट तुंबली असून केशाकर्षणाने पाणी भिंतीतून वर चढत आहे. तीर्थ कशाचे आहे हे कळल्यावर आभार मानले जावेत ही अपेक्षा होती. त्याऐवजी तक्रारी दाखल झाल्या, त्याच २९५-अ खाली, आणि त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले. हे कलम आज नव्या न्यायसंहितेत २९९ या क्रमांकाने नांदते आहे. भावना दुखावल्या की नाही याचा शोध होतो. पाणी कोठून येते याचा शोध घेणारा मात्र आरोपी होतो.

आणि २० ऑगस्ट २०१३. पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले त्याचा वटहुकूम त्यानंतर चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. २०१५ साली कॉम्रेड गोविंद पानसरे आणि प्रा. कलबुर्गी गेले. दाभोलकरांच्या खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. तारखेचा एक विचित्र योग सांगून जातो, त्यात अर्थ शोधू नका. २० ऑगस्ट याच तारखेला, १६७२ साली, हेगमध्ये उदारमतवादी नेते यान द विट आणि त्यांचा भाऊ यांना जमावाने फाडून मारले. स्पिनोझा तेथून जवळच राहत होता. जमावाचा धिक्कार करणारा फलक घेऊन तो त्या रात्री घटनास्थळी जाण्यास निघाला, तेव्हा घरमालकाने दाराला कुलूप लावून त्याला आत कोंडले. लायब्निझने त्याच्याच तोंडून ऐकून हे नमूद करून ठेवले आहे. भावनांवर बुद्धीचा ताबा हवा असे आयुष्यभर लिहिणाऱ्याची ही एक रात्र मला त्याच्या कित्येक सिद्धांतांहून जवळची वाटते. त्या घरमालकाचेही आपण ऋणी आहोत.

या मंडळींना देव्हाऱ्यात बसवावे असे माझे म्हणणे नाही. त्यांची बुद्धी ज्या हॉलंडात फुलली तेथील सुबत्ता पूर्वेकडील मसाल्यांच्या बेटांची लूट आणि गुलामांचा व्यापार यांवरही पोसली होती, आणि त्या सुबत्तेचे कारण त्यांनी फारसे विचारलेले दिसत नाही. देकार्तने पशूंना यंत्रे ठरवले. स्पिनोझाने तर आपल्या अखेरच्या, अपूर्ण राहिलेल्या राजकीय ग्रंथात लोकशाहीची बाजू मांडता मांडता स्त्रिया आणि चाकर यांना तीतून वगळले, आणि स्त्रियांच्या बाबतीत दिलेले कारण असे की जगात सर्वत्र पुरुषच राज्य करताना दिसतात! जो माणूस आयुष्यभर अनुभवाच्या साक्षीवर अविश्वास दाखवीत आला त्याने नेमका येथेच अनुभव प्रमाण मानावा, यासारखी शोकांतिका नाही. त्याच काळात देकार्तच्याच तत्त्वांवरून पुलँ द ला बार या तरुण फ्रेंच लेखकाने १६७३ साली स्त्रीपुरुष समतेचे पुस्तक लिहिले. बुद्धीला लिंग नसते, हा त्याचा सरळ निष्कर्ष. म्हणजे चूक पद्धतीत नव्हती, ती पुरती न वापरण्यात होती. आपल्याकडे ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली तेव्हा त्यांच्या हाताशी यांतले कोणतेच पुस्तक नव्हते. शास्त्रांनी पुरुषांना एक न्याय आणि बायकांना दुसरा का लावला, असे त्यांनी सरळ विचारले. बुलढाण्यात बसून, कोणत्याही तत्त्वज्ञाची परवानगी न घेता.

वेळ संपत आली. ज्यांना पुढे वाचायचे आहे त्यांनी ‘नीतिशास्त्रा’च्या भूमितीशी पहिल्याच दिवशी झुंज घेऊ नये. मी सांगितलेले परिशिष्ट काही पानांचेच आहे. चारपाच जणांनी एकत्र बसून ते एका बैठकीत वाचून होते. वाचताना छेडानगरचा फलक, मिठी नदी किंवा आपल्या स्वतःच्या इमारतीचा संरचना-तपासणीचा अहवाल, यांपैकी जे हाताशी असेल ते बाजूला ठेवावे. मघाशी मागे बसलेल्या एका भगिनींनी हात वर केला होता. त्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करू.